"गाणं कवा सुरू होते बे?" : पोस्ट-रॉक पहिल्यांदा ऐकणाऱ्यांसाठी

हे म्युझिक पहिल्यांदा दोस्ताला ऐकवलं ते पानठेल्यावर, भर दुपारी, बाजूला ट्रॅक्टर धडधडत होता. त्यानं एक इअरफोन कानात घातला, दोन मिनिटं सुपारी चघळत ऐकलं आणि विचारलं, "गाणं कवा सुरू होते बे?" मी म्हटलं सुरूच आहे न. "म्हंजे म्हननारा कवा येते?" म्हटलं तो येतच नाही. त्यानं इअरफोन काढून माझ्या हातात दिला आणि खर्रा मागवला.

चूक माझीच होती. जागा चुकीची, वेळ चुकीची, आणि पहिल्याच फटक्यात अठरा मिनिटांचा तुकडा लावून दिलेला. त्यानंतर पाच-सहा जणांना जरा रीतीनं ऐकवलं, त्यातले तिघं नादाला लागले, बाकीचे अजूनही मला येडा समजतात, तर जे जमलं आणि जे फसलं ते दोन्ही इथं लिहून ठेवतो, नवीन माणसाला कामी येईल.

आधी हे आहे काय ते थोडक्यात. वाद्यं रॉकचीच, गिटार, बेस, ड्रम, कधी व्हायोलिन-सेलो, पण गाण्यासारखा मुखडा-कडवं-मुखडा असा हिशोबच नाही, आणि बहुतेक वेळा गायकही नाही. 'पोस्ट-रॉक' हा शब्द सायमन रेनॉल्ड्स नावाच्या ब्रिटिश समीक्षकानं १९९४ मध्ये रूढ केला, पण त्याच्या आधीच इंग्लंडच्या टॉक टॉकनं १९८८ मध्ये 'स्पिरिट ऑफ ईडन' आणि अमेरिकेच्या स्लिंटनं १९९१ मध्ये 'स्पायडरलँड' काढून वाट पाडून ठेवली होती. हा इतिहास सध्या विसरला तरी चालते, परीक्षा नाहीये. नवीन माणसानं स्लिंटपासून सुरुवात करू नये असं माझं स्पष्ट मत आहे, ते नंतर.

पायरी १ : मोबाइल आणि इअरफोन

ही पायरी बोअर आहे पण नव्वद टक्के लोक इथंच फसतात. मोबाइलच्या स्पीकरवर हे ऐकूच नका. या म्युझिकमध्ये बारीक आवाज खरंच बारीक असतो आणि मोठा खरंच मोठा, सगळी गंमत त्या दोघांमधल्या अंतरात आहे, आणि स्पीकरवर बारीक भाग पंख्याच्या आवाजातच विरून जाते. साधे दोन-तीनशेचे वायरवाले इअरफोन पुरतात, फक्त ते 'एक्स्ट्रा बास' वगैरे सेटिंग बंद करा, त्यानं सगळा चिखल होते.

आता सगळ्यात कामाची गोष्ट. सुरुवात हळू असते म्हणून नवीन माणूस आवाज वाढवते, अजून वाढवते, आणि सातव्या मिनिटाला सगळे मिळून तुटून पडले की कानाचे पडदे हलतात. म्हणून आवाज उलट्या बाजूनं सेट करायचा: आधी गाणं पुढं सरकवून सगळ्यात मोठा भाग शोधा, तो सहन होईल इतका आवाज ठेवा, मग गाणं शून्यावर आणा आणि त्यानंतर बटणाला हात लावू नका. सुरुवातीला काहीच ऐकू येत नाही असं वाटेल, वाटू द्या, कान एका मिनिटात जुळवून घेतात.

अ‍ॅपमध्ये क्रॉसफेड (एक गाणं संपता संपता त्याच्यावर दुसरं चढवणारी सेटिंग) बंद करा, गॅपलेस (दोन गाण्यांमध्ये खंड न पाडणारी) चालू करा, शफल तर बंदच पाहिजे, कारण बऱ्याच अल्बममध्ये एक तुकडा दुसऱ्यात मुरत जाते. आणि घरी नेटवर्क असतानाच डाउनलोड करून ठेवा. शेतात एक कांडी नेटवर्क, गाणं बरोबर चढावर आलं आणि ते गोल गोल फिरायला लागलं की शिव्या निघतात. फुकट व्हर्जनवर त्याच्याही पेक्षा वाईट होते. माझं एकदा सगळं शांत झालं, नुसती एक गिटार उरली, अंगावर काटा यायच्या बेतात, आणि आली न भाऊ जाहिरात, फवारणीच्या औषधाची.

इअरफोनची पिन नीट बसली आहे का तेही पहा. स्कॉटलंडच्या ग्लासगोचा मोगवाई नावाचा बँड आहे, त्यांच्या १९९७ च्या 'यंग टीम'मध्ये 'लाइक हेरॉड' म्हणून एक तुकडा आहे, बराच वेळ अगदी कुजबुजल्यासारखा चालतो आणि मग काही न सांगता एकदम फुटतो. रात्री एक वाजता मी खाटेवर पडून ऐकत होतो, पिन ढिली झालेली, आवाज स्पीकरमधून, आणि तो भाग आला. बाबा उठून बसले, "टिनं उडाले काय रे?"

पायरी २ : वेळ कोणती

घाईत ऐकायचं हे काम नाही. आमच्याकडं मला जी वेळ सापडली ती ओलिताची. हरभऱ्याला पाणी द्यायचं, लाइन रात्रपाळीची, थ्री फेज आली की मोटर चालू करायची, स्प्रिंकलर फिरायला लागले की मग तीन-चार तास पाइप पलटवेपर्यंत काम काहीच नाही, नुसतं बसून राहायचं, डिसेंबरची थंडी, अंगावर दुलई, आजूबाजूला कोणी नाही. शहरातल्या माणसाला असा वेळ विकत घ्यावा लागते, आपल्याला वीजवाल्यांनी फुकट देऊन ठेवलाय.

पण एक गोष्ट ऐका, शेतात दोन्ही कानात इअरफोन घालायचे नाहीत. जागलीवर असाल तर अजिबातच नाही. रानडुक्कर, रोही, आणि आता बऱ्याच भागात बिबट, यातलं कोणी वाजतगाजत येत नाही. शेतात एकच कान, मोटरवर लक्ष, पायात बूट. दोन्ही कान लावून ऐकायचं ते घरी, गच्चीवर, उन्हाळ्यात रात्री दहानंतर छप्पर जरा थंड झालं की. एसटीत खिडकीजवळ जागा मिळाली तर तीही चांगली. गाडी चालवताना नाही.

पायरी ३ : पहिलं गाणं

अमेरिकेचा एक्सप्लोजन्स इन द स्काय हा चौघांचा बँड आहे, ऑस्टिनमध्ये १९९९ मध्ये सुरू झालेला. चौघांपैकी तिघं मिडलँडकडचे, पश्चिम टेक्सासमधले, तो मुलूख कोरडा, सपाट, तेलाच्या विहिरी आणि त्या पट्ट्यात कापूस. कापूस वाचून मला पहिल्यांदा वाटलं, आपलेच लोक निघाले. त्यांचा २००३ चा 'द अर्थ इज नॉट अ कोल्ड डेड प्लेस' हा अल्बम घ्या, पाचच तुकडे, पाऊण तासाचा मामला. त्यातला शेवटचा, 'युअर हँड इन माइन', आठ मिनिटांच्या थोडा वर. सुरुवात इथून.

पहिल्या वेळी काही शोधू नका, फक्त पुढं ढकलू नका. एवढा एकच नियम. रील पाहून पाहून आपला अंगठा पंधरा सेकंदांत सरकायला शिकलाय, त्याला आठ मिनिटं दुलईत ठेवायचं. बोअर झालं तरी चालते, तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला होतेच.

दुसऱ्या वेळी त्याच अल्बमचा पहिला तुकडा, 'फर्स्ट ब्रेथ आफ्टर कोमा'. एकच सूर टिक टिक करत येते, त्याच्या मागून बास ड्रम, काळजाच्या ठोक्यासारखा, आणि हळूहळू बाकीचे येऊन बसतात. इथं एक करून पहा. एक वाद्य पकडा, समजा तो ड्रम, आणि शेवटपर्यंत फक्त त्याच्याच मागं जा. मग परत लावून एका गिटारच्या मागं जा. तिसऱ्यांदा ऐकाल तेव्हा सगळे वेगवेगळे दिसायला लागतात, जसं पंगतीत आधी नुसता गलका असते आणि जरा वेळानं कोण काय बोलते ते कळायला लागते.

पायरी ४ : आवाज कसे बनतात

हे कळलं की मजा दुप्पट होते म्हणून थोडं जास्त लिहितो.

कोरड्या विहिरीत वाकून "ओ" म्हटलं तर काही वेळानं खालून परत "ओ" येते, जरा बारीक, मग अजून बारीक. गिटारवाल्यांच्या पायाशी एक डबी असते, डिले पेडल, ती हेच काम करते. वाजवणारा एक सूर मारते आणि डबी तोच परत परत म्हणते, मग तो त्या मधल्या मोकळ्या जागांत नवीन सूर टाकते, आणि एकाच माणसाची गिटार तिघांची वाटते. दुसरी डबी रिव्हर्ब. तिच्यासाठी हेमाडपंती देवळाच्या गाभाऱ्यात जा आणि एक टाळी वाजवा, टाळी परत येत नाही, ती नुसती पसरते आणि भिंतींवर रेंगाळत राहते. विहीर आणि गाभारा, निम्मं पोस्ट-रॉक या दोघांत आलं.

मला डिले कळला तो स्प्रिंकलरमुळं. चिक-चिक-चिक-चिक करत नोजल एका बाजूला जाते, टोकाला पोचलं की फर्रर्र करून परत येते, आणि बाजूचं नोजल थोडं मागं-पुढं, त्याच्या बाजूचं अजून थोडं. त्या रात्री एका कानात गिटार होती, दुसरा कान मोकळा, आणि काही वेळ मला खरंच समजेना की कोणता चिक कुठून येतोय. आठ-दहा नोजल, सगळ्यांची चाल जराशी वेगळी, आणि अधूनमधून दोन-तीन बरोबर एकाच वेळी पडायचे. मी गाणं बंद करून नुसते नोजल ऐकले दहा मिनिटं. कोणाला सांगू नका.

तिसरी गोष्ट, ट्रेमोलो. एकच सूर इतक्या जोरात आणि इतक्या वेळा छेडायचा की थेंब थेंब वेगळे न राहता धार लागते. जपानच्या मोनो बँडचा यात हात कोणी धरू शकत नाही. आणि आइसलँडच्या सिगुर रोसचा योन्सी तर गिटार बोटांनी न वाजवता सेलोच्या गजानं घासतो, त्यामुळं ती गिटार आहे हे सांगितल्याशिवाय कळत नाही.

आता चढ. नवीन माणसाला वाटते आवाज वाढवला की झालं. तसं नसते. ड्रम आधी नुसते घुमतात, मग झांजा उघडतात, बेस खालून भरते, गिटार वरच्या पट्टीत जाते, एका ठोक्यात आधी दोन सूर होते तिथं आठ होतात, म्हणजे आवाज वाढायच्या आधीच गर्दी वाढलेली असते. आणि चांगले बँड बरोबर फुटायच्या आधी सगळं काढून घेतात. अर्धा सेकंद काहीच नाही. तो अर्धा सेकंद नीट ऐका, माझ्या मते सगळे पैसे तिथंच आहेत.

हे आपल्याला परकं अजिबात नाही. गावात गुरुदेवांचं खंजिरी भजन बसते तेव्हा काय होते? आधी एकटा म्हणणारा, संथ, खंजिरी नुसत्या टिचक्या मारते, मग मागचे धरतात, टाळ येतात, लय चढत जाते आणि शेवटी शेवटी शब्द काय चाललेत ते कोणालाच कळत नाही, नुसता गजर उरते. ते शेवटचं मिनिट घ्या आणि तिथपर्यंत जायचा रस्ता लांब करा. सतारवाल्यांचं आलाप, जोड, झाला हेही त्याच वळणाचं. त्यामुळं कोणी म्हटलं की हे इंग्रजी लोकांचं फॅड आहे, तर त्याला एकादशीला मंदिरात नेऊन बसवा.

पायरी ५ : मग रडू का येते

शब्द नाहीत, गोष्ट नाही, कोणी मेलं नाही, तरी गळा दाटून येते, आणि पहिल्यांदा झालं की माणूस घाबरते, लपवते. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये यावर काम केलं होतं. ज्यांना संगीत ऐकून अंगावर काटा येते अशी माणसं घेतली, त्यांच्याच आवडीचं बिनशब्दांचं संगीत लावलं आणि मेंदू तपासला. आवडता क्षण आला की मेंदूत डोपामिन, म्हणजे आनंदाशी जोडलेलं रसायन, सुटते हे तर दिसलंच, पण तो क्षण यायच्या आधी, नुसत्या वाट पाहण्यातही ते सुटत होतं, मेंदूच्या वेगळ्या भागात. म्हणून पुढं ढकलून थेट सातव्या मिनिटावर गेलात तर काही होत नाही. आवाज तोच असते, पण तुम्ही वाट पाहिलेली नसते.

मला स्वतःला हे कळलं ते एका ऑक्टोबरात. सोयाबीन सोंगून गंजी लावून ठेवली होती, थ्रेशरवाला उद्या येतो, उद्या येतो करत होता, आणि रात्री वारा सुटून ताडपत्री उडाली. तीन दिवस पाणी. चौथ्या दिवशी गंजीत हात घातला तर आतून गरम आणि शेंगांना कोंब. बाबांनी मूठभर काढून पाहिलं, खाली टाकलं आणि म्हणाले, "ताडपत्री वाळू घाल." बाकी त्या दिवशी घरात कोणी काही बोललं नाही. रात्री मोनोच्या २००९ च्या 'हिम टू द इमॉर्टल विंड' अल्बममधला पहिला तुकडा लावला, 'अ‍ॅशेस इन द स्नो', जवळपास बारा मिनिटांचा. यात बँडच्या मागं पूर्ण वाद्यवृंद आहे. दुसरं कोणतंही गाणं त्या रात्री चाललं नसतं, कारण गाण्यातल्या माणसाचं दुःख निघते प्रेमाचं, आणि माझ्याकडं होती ओली सोयाबीन. इथं कोणी स्वतःचं काही सांगतच नव्हतं. सगळे वाजायला लागले तेव्हा मी ताडपत्रीच्या त्या उडालेल्या कोपऱ्याला दगड ठेवायचा राहिला होता एवढंच आठवत होतो, आणि रडत होतो. बरं वाटलं का? नाही, पण झोप लागली.

एक सांभाळायचं, मन आधीच खूप दिवसांपासून खाली असेल तर रोज रात्री हेच ऐकत बसू नका. मी एक महिना केलं आणि ते बरं नव्हतं. तेव्हा माणसांत जाऊन बसावं.

पायरी ६ : पुढं काय ऐकायचं

एक्सप्लोजन्स पचले की मोनो. मग आयर्लंडचा गॉड इज अ‍ॅन अ‍ॅस्ट्रोनॉट, २००५ चा 'ऑल इज व्हायलंट, ऑल इज ब्राइट', तुकडे छोटे आहेत, ज्यांना दहा मिनिटं जड जातात त्यांनी उलट इथूनच सुरू केलं तरी हरकत नाही. मोगवाईंचा 'अ‍ॅज द लव्ह कंटिन्यूज' २०२१ मध्ये ब्रिटनच्या अल्बम चार्टवर एक नंबरला गेला, जवळजवळ बिनगाण्याचा बँड एक नंबरला, तेही सुरुवातीनंतर पंचवीसेक वर्षांनी. आपल्याकडचा पाहिजे तर अ‍ॅजवीकीपसर्चिंग आहे, त्यांच्या २०१७ च्या 'झिया'मध्ये हिंदी शब्द अधूनमधून येतात, ज्यांना "म्हननारा" पाहिजेच त्यांच्यासाठी हा पूल चांगला.

सिगुर रोसमध्ये गायक आहे पण घाबरू नका, त्यांचा २००२ चा अल्बम तर पूर्ण बनावट भाषेत गायलेला आहे, अर्थ नसलेले नुसते उच्चार. अल्बमला नाव नाही, फक्त दोन कंस, आठही गाण्यांना नावं नाहीत, आणि सोबतची पुस्तिका कोरी, तुम्हाला जे सुचेल ते तुम्ही लिहा म्हणून.

आणि सगळ्यात शेवटी कॅनडाचे गॉडस्पीड यू! ब्लॅक एम्परर. मॉन्ट्रियलचे, म्हणजे ते काटा-संशोधन झालं त्याच गावचे. २००० चा 'लिफ्ट युअर स्किनी फिस्ट्स लाइक अँटेनाज टू हेवन', दोन सीडी, चारच तुकडे, एकेक १८ ते २३ मिनिटांचा. मी दोस्ताला पानठेल्यावर लावला तो याच्यातलाच. हा पूर्ण अल्बम स्प्रिंकलरच्या एका पलट्यात आरामात बसतो, आणि त्यात मध्ये एक म्हातारा माणूस बोलते, न्यूयॉर्कचं कोनी आयलंड पूर्वी कसं होतं, लोक समुद्रकाठी कसे झोपायचे, आता कोणी झोपत नाही. आपल्या पारावर बसलेला म्हातारा जुन्या बाजाराबद्दल बोलते तसंच अगदी. यांच्या १९९७ च्या पहिल्या एलपीसोबत (एलपी म्हणजे मोठी तबकडी) रेल्वेखाली चपटं केलेलं एक नाणं मिळायचं. हे वाचलं तेव्हा मी हसत सुटलो, कारण आमची शकुंतला रेल्वे चालू होती तेव्हा मूर्तिजापूर-यवतमाळ लाइनवर आम्ही पोट्टे हेच करायचो, चार आण्याचं नाणं रुळावर ठेवून झुडपात लपून बसायचो. गाडी इतकी हळू यायची की गाणं होऊन जाईल. आता गाडीच बंद आहे, नाणं कुठं गेलं माहीत नाही.

ज्यांना चढ-चढ-धडाम याचा कंटाळा येईल (येते, एका वर्षात येतेच, बरेच बँड एकच साचा घासतात हे खरं आहे), त्यांनी शिकागोचा टॉर्टोइज ऐकावा, १९९६ चा अल्बम, तिथं धडाम नाहीच. स्लिंट आणि टॉक टॉक तेव्हाच.

पायरी ७ : दुसऱ्याला ऐकवताना

व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक टाकून काही होत नाही, कोणी उघडत नाही. सोबत बसून ऐकवा, आणि मध्ये बोलू नका. "आता येईल पहा, आता येईल" हे तर मुळीच नाही, मी दोघं जण यानंच गमावले. ऐकून झाल्यावर लगेच "कसं वाटलं" विचारायचं नाही.

मागच्या हिवाळ्यात बाबांना ऐकवलं. ते ओलितावर सोबत होते, शेकोटीजवळ, बिडी पेटवलेली. एक कान त्यांचा, एक माझा, वायर आखूड म्हणून खांद्याला खांदा लावून बसावं लागलं, तसे आम्ही कधी बसत नाही. 'युअर हँड इन माइन' लावलं. आठ मिनिटं त्यांची नजर स्प्रिंकलरवर, चेहऱ्यावर काही नाही, बिडी मध्येच विझली ती परत पेटवली नाही. संपल्यावर इअरफोन काढून नीट गुंडाळून माझ्या हातात दिला.

"कितीक जन हायेत वाजवनारे?"

"चार."

"चारच? मले वाटलं बँड पार्टी हाय." मग उठले, टॉर्च घेतला. "चाल, ते तिसरं नोजल फिरून नाही राह्यलं."